पॅनोरमावर पट्टे का येतात? टोटल स्टेशन आणि स्कॅनरवर कॅमेरा लावण्याची रीत

टोटल स्टेशनवरून (कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) किंवा लेझर स्कॅनरवरून (लेझरने आजूबाजूचे असंख्य बिंदू मोजणारं यंत्र) घेतलेला पॅनोरमा, म्हणजे अनेक फोटो जोडून केलेलं रुंद चित्र, ऑफिसात उघडावा आणि इमारतीवर उभे पट्टे दिसावेत: एक पिवळट, शेजारचा निळसर, तिसरा काळवंडलेला. मग सॉफ्टवेअरला शिव्या बसतात. पण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो. साइटवर कॅमेरा ऑटोवर होता. त्याने प्रत्येक फोटोसाठी उजेड नव्याने मोजला, प्रत्येक फोटो आपापल्या जागी छान आला आणि सगळे जोडल्यावर त्यांची गोधडी झाली.

ऑटो मोड एका फोटोसाठी असतो. पॅनोरमात पन्नास, शंभर, कधी दोनशे फोटो असतात आणि त्या सगळ्यांना एकच एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि एकच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून साधलेला रंगांचा समतोल) लागतो. ते कुठल्या भिंतीवर धरायचं हे यंत्राला कळण्याची सोय नाही. ते सर्व्हेअरने ठरवायचं. खाली दिलेली सगळी सेटिंग्ज या एका निर्णयामागून येतात, म्हणून मेनूत शिरण्याआधी जरा थांबा.

फोटो कशासाठी हवेत, हे आधी

मुंबईत हे काम साधारण तीन कारणांनी निघतं. पॉइंट क्लाउडला, म्हणजे लेझरने मोजलेल्या बिंदूंच्या समूहाला, रंग द्यायचा असतो. आर्किटेक्टला फोटोवरून एलेव्हेशन (दर्शनी बाजूचं ड्रॉइंग) काढायचं असतं. किंवा शेजारच्या प्लॉटवर बेसमेंटची खोदाई सुरू होण्याआधी जुन्या इमारतीची अवस्था नोंदवून ठेवायची असते, म्हणजे उद्या तडा गेला तर तो आधीचा की नंतरचा हा वाद उरत नाही. तिन्ही कामांना लागणारा बारकावा वेगळा, आणि तो एका साध्या हिशेबाने कळतो.

लायका एमएस ६० या यंत्राचं उदाहरण घेऊ. त्याचा ओव्हरव्ह्यू कॅमेरा (रुंद दृश्य टिपणारा, दुर्बिणीतला नव्हे) ५ मेगापिक्सेलचा आहे आणि कर्णावर १९.४ अंश पाहतो, म्हणजे आडवं सुमारे १५.५ आणि उभं ११.६ अंश. फोटो २५६० पिक्सेल रुंद धरला तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे २२ सेकंदांचा कोन येतो (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पन्नास मीटरवरच्या भिंतीवर हे साधारण ५ मिलिमीटर झाले. क्लाउडला रंग द्यायला आणि खिडक्या, कॉर्निस, पाइप ओळखायला एवढं भरपूर आहे. पण केसासारखा तडा यात दिसणार नाही. त्यासाठी दुर्बिणीतला कॅमेरा लागतो. तो कर्णावर फक्त १.५ अंश पाहतो आणि त्याच अंतरावर पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतो.

मग सगळाच पॅनोरमा दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने का घेऊ नये? १२० अंश रुंद आणि ४० अंश उंच दर्शनी भागाला ओव्हरव्ह्यू कॅमेऱ्याने, २० टक्के ओव्हरलॅप (शेजारच्या फोटोंचा एकमेकांवर येणारा भाग) धरून, सुमारे ५० फोटो लागतात. तोच भाग दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने घ्यायचा तर आकडा सात हजारांच्या घरात जातो. तेव्हा पूर्ण दर्शनी भाग ओव्हरव्ह्यूने घ्या आणि तड्यांच्या जागा तेवढ्या दुर्बिणीने वेगळ्या टिपा. क्लायंट ‘सगळं फुल झूमवर’ म्हणाला तर त्याला हा हिशेब दाखवा. बहुतेकांचं समाधान तिथेच होतं.

जागा आणि वेळ

उजेड कसा आहे यावर सेटिंग्ज किती सोपी जातील हे ठरतं, त्यामुळे स्टेशन, म्हणजे यंत्र उभं करण्याची जागा, निवडताना सूर्याचा विचार कंट्रोल पॉइंटइतकाच (जागा आधीच पक्की माहीत असलेला बिंदू) महत्त्वाचा. ओव्हल मैदानावर उभे राहून पाहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या परिसराच्या या दोन बाजू. सकाळी ऊन आर्ट डेकोच्या तोंडावर असतं आणि राजाबाई टॉवरच्या मागून सूर्य वर येत असतो, त्यामुळे हायकोर्टाचा काळा दगड सावलीत नुसता काळा ठोकळा दिसतो. दुपारनंतर सगळं उलटं. मैदानाच्या मधोमध एकच स्टेशन लावून ३६० अंशांचा पॅनोरमा घेतला तर निम्मे फोटो उन्हातले आणि निम्मे उन्हाच्या तोंडावरचे येणार, आणि कुठलंही सेटिंग हे पूर्ण सावरू शकत नाही. तिथे दोन अर्धे पॅनोरमा घ्यावेत: सकाळी पश्चिमेकडचा, दुपारी चारच्या सुमारास पूर्वेकडचा. स्टेशन तेच, बॅकसाइट (दिशा जुळवायला धरलेला ओळखीचा बिंदू) तीच, फक्त वेळ वेगळी.

मुंबईत खरी मध्यान्ह बाराला होत नाही. आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनी, नोव्हेंबरात १२.२२ च्या आसपास, फेब्रुवारीत १२.५३ च्या आसपास. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला तो जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. भरपूर प्रकाश आहे म्हणून मेमधली दुपार निवडणारे खूप भेटतात, पण भिंतीसाठी हाच सर्वांत वाईट प्रकाश. ऊन भिंतीला घासून खाली येतं आणि प्रत्येक छज्जाची सावली पुढच्या मजल्यापर्यंत लोंबते. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य ४७-४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंती दिवसभर नीट उजळतात.

माझं मत विचाराल तर पॅनोरमासाठी पावसाळ्यातली दोन सरींमधली उघडीप सर्वांत चांगली. ढगाळ आकाशाखाली सावल्या जवळपास नसतातच. एवढंच की ओला बेसॉल्ट आणि ओलं प्लास्टर कोरड्यापेक्षा बरंच गडद दिसतं. ओल शोधायची असेल तर ते उपयोगीच पडतं, रंगाची नोंद करायची असेल तर भिंत सुकू द्या.

यंत्राची तयारी

एसी गाडीतून काढलेलं यंत्र थेट दमट हवेत आणलं की काचेवर वाफ धरते. बाहेरची वाफ दिसते तरी, आतली दिसत नाही. फोटो मात्र दुधाळ येतात. तापमानाच्या दर अंश फरकाला दोन मिनिटं आणि कमीत कमी पंधरा मिनिटं, हा लायकाच्या मॅन्युअलमधला नियम सगळ्याच यंत्रांना लावायला हरकत नाही. गाडीत २४ आणि बाहेर ३३ असेल तर अठरा मिनिटं झाली. तेवढ्या वेळात ट्रायपॉड रोवा, बॅकसाइटला प्रिझम लावा, चहा घ्या.

मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी-फेसला काम असेल तर लेन्सवर खारट थर बसतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. शर्टाचं टोक वापरू नका. ओव्हरव्ह्यू कॅमेऱ्याची काच छोटी असते आणि दुर्बिणीच्या मोठ्या काचेच्या नादात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पॅनोरमा मात्र तिच्यातूनच घेतला जातो.

लेव्हल आणि कॉम्पेन्सेटर (यंत्राचा किंचित कल मोजून सावरणारा भाग) नेहमीसारखे. त्यानंतर एक छोटी तपासणी कराच. ऐंशी-शंभर मीटरवरच्या एखाद्या टोकदार खुणेवर, म्हणजे विजेच्या तारेच्या अडणीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यावर, दुर्बिणीची क्रॉसहेअर धरा आणि पडद्यावरची खूण त्याच जागी पडते का ते दोन्ही फेसमध्ये (दुर्बीण सरळ आणि उलटी करून) पाहा. फरक दिसला तर आधी कॅमेरा कॅलिब्रेशन (कॅमेरा आणि दुर्बिणीची जुळणी) करून घ्या. नाहीतर रंग नेमका येईल पण चुकीच्या पॉइंटवर बसेल.

आणि सूर्य. दुर्बीण किंवा तिच्यातला कॅमेरा सोलर फिल्टरशिवाय सूर्याकडे कधीच वळवायचा नाही. डोळा जातो, सेन्सरही जातो. पॅनोरमा यंत्र स्वतःच फिरून घेतं, त्यामुळे फ्रेम आखतानाच सूर्याची जागा बाहेर ठेवा.

एक्सपोजर

सगळी मेख इथेच आहे, म्हणून क्रम नीट पाळा.

१. पडद्यावर ओव्हरव्ह्यू कॅमेऱ्याचं चित्र आणा आणि पॅनोरमाच्या पूर्ण पट्ट्यातून एकदा हळू फिरून या. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद कामाची जागा कुठली ते पाहून ठेवा. ‘कामाची’ हा शब्द महत्त्वाचा: आकाश कामाचं नाही, गाड्यांच्या काचाही नाहीत.

२. आता जी भिंत ड्रॉइंगमध्ये जाणार आहे तिच्या मध्यम उजेडाच्या भागावर यंत्र वळवा. फ्रेममध्ये आकाश शक्यतो नको. दोन-तीन सेकंद थांबून ऑटोला स्थिर होऊ द्या.

३. ब्राइटनेस कमी-जास्त करता येत असेल तर एक पायरी खाली आणा.

४. एक्सपोजर लॉक करा. ट्रिंबल ॲक्सेस या फील्ड सॉफ्टवेअरमध्ये पॅनोरमाच्या पडद्यावर ‘सेट फिक्स्ड एक्सपोजर’ मिळतं. दाबता त्या क्षणी कॅमेरा जिकडे पाहतोय तिथलं मोजमाप पुढच्या सगळ्या फोटोंना लागतं. म्हणून आधी भिंतीकडे वळा, मग दाबा. उलट क्रमाने केलं तर समोर असलेल्या फ्लेक्सच्या बॅनरचं एक्सपोजर अख्ख्या इमारतीला बसतं.

५. लॉक ठेवून उजळ आणि गडद टोकाचा एकेक फोटो काढा आणि मोठा करून पाहा. उजळ टोकाला दगडाचे सांधे किंवा पाटीवरची अक्षरं वाचता यायला हवीत. गडद टोकाला खिडकीची चौकट ओळखता यायला हवी. दोन्हीपैकी एक जमत नसेल तर दोन्हीच्या मधली जागा शोधून पुन्हा लॉक करा.

हे पाहताना कंट्रोलरचा (यंत्र चालवायच्या उपकरणाचा) पडदा सावलीत धरा. भर उन्हात पडदा खोटं बोलतो. सगळेच फोटो गडद वाटतात, माणूस एक्सपोजर वाढवत नेतो आणि ऑफिसात भिंती पांढऱ्याफटक निघतात. डोक्यावर रुमाल घेऊन त्याखाली पडदा पाहायलाही लाजू नका.

एक पायरी खाली का, तर आकाशामुळे. आकाशातून लेझर परत येत नाही, त्यामुळे तिथे पॉइंट नसतात आणि ते जळून पांढरं झालं तरी क्लाउडचं काही बिघडत नाही. पण जळलेलं आकाश कडांवर सांडतं. गॅलरीचे कठडे, अँटेना, गॉथिक इमारतींवरचे सुळके यांच्या काठावरच्या पॉइंटना भिंतीऐवजी आकाशाचा पांढरा रंग लागतो आणि मॉडेलमध्ये त्यांच्याभोवती बर्फ साचल्यासारखी किनार दिसते. थोडं गडद घेतलं की ही किनार बरीच पातळ होते, आणि गडद भाग नंतर उजळता येतो. जळलेला भाग मात्र परत येत नाही.

स्कॅनरवर अशी नेम धरून लॉक करण्याची सोय बहुधा नसते. तिथे मीटरिंगचा प्रकार, म्हणजे उजेड दृश्याच्या कुठल्या भागातून मोजायचा ते, निवडावा लागतो. फारो फोकसमध्ये ‘ईव्हन वेटेड’ सगळ्या दृश्याची सरासरी धरतं, ‘हॉरिझॉन वेटेड’ क्षितिजालगतचा उजेड मोजतं आणि ‘झेनिथ वेटेड’ डोक्यावरचा. रस्त्यावर किंवा वर प्रखर दिवे असलेल्या हॉलमध्ये हॉरिझॉन वेटेड बरं. छताचं नक्षीकाम टिपायचं असेल तरच झेनिथ. लायका आरटीसी ३६० स्वतःच पाच वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो घेऊन जोडतो, त्यामुळे तिथे तुमचं काम मुख्यतः जागा आणि वेळ निवडण्याचं.

व्हाइट बॅलन्स

हाही लॉकच हवा. उन्हात ‘डेलाइट’, ढगात ‘क्लाउडी’, एवढं केलं तरी गोधडी निम्म्याने कमी होते. रंग महत्त्वाचा असेल, म्हणजे मालाड स्टोनचा पिवळेपणा आणि नंतरच्या सिमेंटच्या डागडुजीचा राखाडीपणा वेगळा दिसायला हवा असेल, तर ग्रे कार्ड (ठरलेल्या राखाडी रंगाचं कार्ड) भिंतीला टेकवून पहिल्या फोटोत येऊ द्या. पांढऱ्या ए-फोर कागदावर भागवू नका. त्यातली रसायनं उन्हात निळसर चमकतात आणि त्यावर बेतलेला फोटो पिवळट होतो.

एचडीआर कधी चालू करायचं

एचडीआर म्हणजे एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे फोटो घेऊन एक करणं. वेळ साधारण तेवढ्या पटीने वाढतो, आणि दोन एक्सपोजरच्या मधे जे हललं त्याचं भूत होतं. वाऱ्यावरची पानं, दोरीवरचे कपडे, माणसं, झेंडे. दादर किंवा सीएसएमटीच्या बाहेर गर्दीच्या वेळी एचडीआर घेतला तर खाली नुसती भुतावळ. गर्दीत साधा लॉक केलेला फोटो बरा; रिकाम्या गोदामात, जिन्यात, पहाटेच्या रस्त्यावर एचडीआर.

ओव्हरलॅप आणि जवळच्या वस्तू

२० टक्क्यांनी काम भागतं. एकसारख्या भिंती असल्या, म्हणजे काचेची इमारत किंवा ताजा रंग दिलेली पडदी, तर ३० करा. त्यापुढे फक्त वेळ जातो.

जोड चुकण्याचं मोठं कारण ओव्हरलॅप नसून जवळची वस्तू असते. ओव्हरव्ह्यू कॅमेरा यंत्राच्या फिरण्याच्या केंद्रावर नसतो, थोडा बाजूला असतो. समजा ४ सेंटिमीटर बाजूला आहे. ४० मीटरवरच्या भिंतीसाठी हा फरक ०.०६ अंश, म्हणजे वरच्या हिशेबाने नऊ-दहा पिक्सेल. दोन मीटरवरच्या विजेच्या खांबासाठी तोच १.१ अंश, म्हणजे जवळजवळ १९० पिक्सेल. खांब दोनदा दिसतो किंवा मधेच तुटतो. ट्रायपॉड चार-पाच पावलं सरकवणं हा यावरचा एकमेव उपाय.

चाळीच्या चौकात

मधे चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या, वर आकाशाची चौकट. पुनर्विकासाआधीच्या मोजणीत हे दृश्य नेहमीचं आहे आणि कॅमेऱ्यासाठी सर्वांत अवघडही. चौक आठ मीटर रुंद आणि वरचा कठडा बारा मीटरवर धरू. यंत्र मधोमध असेल तर तो कठडा जवळजवळ ७० अंश वर येतो. समोरच्या भिंतीला लागून, सात मीटर अंतरावरून पाहिलं तर ५६ अंशांवर. म्हणून मधोमध एक स्टेशन लावण्यापेक्षा समोरासमोरच्या बाजूंना दोन लावा आणि प्रत्येकावरून फक्त पलीकडची बाजू घ्या. पाठीमागची जवळची गॅलरी दुसऱ्या स्टेशनवरून येईल.

एक्सपोजर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या सावलीतल्या भिंतीवर लॉक करा आणि आकाश जळू द्या. गॅलरीच्या आतल्या ट्यूबलाइट दिवसा चालू असतील तर बंद करायला सांगा, म्हणजे दोन प्रकारच्या उजेडाचा घोळ होत नाही. एचडीआर इथे खरोखर उपयोगी पडतो, पण कपडे वाळत असतात. आधी वर जाऊन विनंती करावी लागते: “काकू, तेवढी चादर पंधरा मिनिटं आत घ्याल का? मोजणीचे फोटो घ्यायचेत.” काकू चादर घेतातच, वर ‘आमची खोली किती चौरस फुटांची भरली?’ हेही विचारतात. त्याचं उत्तर फोटो काढणाऱ्याने देऊ नये. पाणी येण्याच्या वेळेला मात्र चौकात यंत्र लावू नका.

दिव्यांच्या उजेडात

भुयारी मार्ग, पार्किंग, मेट्रोचं स्टेशन इथे पट्टे आडवे येतात आणि कारण वेगळं असतं. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ सेकंदावर असेल तर प्रत्येक फोटोत दिव्याची पूर्ण आवर्तनं पकडली जातात. अँटी-फ्लिकर सेटिंग असेल तर ते ६० वर नाही, ५० वर आहे हे बघा. परदेशातून आलेल्या यंत्रात ते हमखास राहून जातं.

अंधारात शटर लांबतं आणि मग कंपनं पकडतात. रुळांशेजारी लोकल जाऊ द्या. फ्लायओव्हरवर ट्रायपॉड शक्यतो खांबाच्या वर लावा, दोन खांबांच्या मधे डेक जास्त हलतो. कॉम्पेन्सेटरने इशारा दिला तर तो पॅनोरमा अर्धवट सोडून पुन्हा सुरू करा. रेल्वे, मेट्रो आणि गोदीच्या हद्दीत परवानगीपत्राची छापील प्रत खिशात हवी. मोबाइलमधली पीडीएफ गेटवर चालेलच असं नाही.

साइट सोडण्याआधी

पॅनोरमा चालू असताना ढग आला तर थांबवण्याची सोय वापरा; ऊन परत आलं की पुढे न्या. संपल्यावर पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडा. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवून उजेड जुळतो का पाहा, कारण पूर्ण वर्तुळात तेच दोन एकमेकांना भेटतात. अस्पष्ट आलेला एखादा फोटो असेल तर तेवढाच पट्टा त्याच लॉकवर परत घ्या. यंत्र बंद केलं की बऱ्याचदा लॉक जातो, त्यामुळे हे बॅटरी काढण्याआधी करायचं.

फील्डबुकात स्टेशनच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: वेळ, ऊन की ढग, एक्सपोजर कुठल्या भिंतीवर धरलं, व्हाइट बॅलन्स कोणता. ऑफिसात रंग सुधारायचे असतील तर एका स्टेशनच्या सगळ्या फोटोंवर एकच सुधारणा एकदम लावा आणि मूळ फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये तशाच ठेवा. क्रॉप करू नका, आकार बदलू नका. फोटोच्या कडा कापल्या की कॅमेरा कॅलिब्रेशनचे आकडे त्याला लागू पडत नाहीत आणि रंग क्लाउडवर सरकतो.